वास्तुशांतीला नेलेले लाडू

आधी चहा घ्या, मग सांगते. गवती चहा परसातला, आलं परसातलं, दूध आमच्या गाईचं. गूळ तेवढा विकतचा, त्याला इलाज नाही. आणि कपाचा कान तुटलाय तिकडे बघू नका. कप अजून गळत नाही ना? मग झालं तर. आमच्या घरात वस्तू गळत नाही तोवर ती नवीच असते, आणि गळायला लागली की मी तिच्यात माती भरून पुदिना लावते.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की माझी जी फजिती झाली ती ह्याच स्वभावापायी. तुमच्याकडे असलं काही व्हायचं नाही. तुमच्या घरात लाडवाच्या डब्यात लाडू असतात की नाही? इथंच आमचं वेगळं आहे.

आम्ही पोलादपूरच्या वर, उमरठच्या रस्त्याला एका वाडीत राहतो. ह्यांनी भांडुपची नोकरी मुदतीआधीच सोडली आणि आम्ही दोघं बोचकी बांधून गावी आलो. भात, नाचणी, वरी, कुळीथ, पावटा, भाजीपाला, गाई, कोंबड्या. मीठ, गूळ आणि गोडंतेल सोडलं तर बाजाराशी आमचा फारसा संबंध नाही. ह्यांची पँट फाटली की तिची पिशवी होते. पिशवी फाटली की चुलीवरचं भांडं उतरवायचं फडकं होतं. फडकं जळून गेलं की त्याच राखेनं मी भांडी घासते. अंघोळीचं पाणी केळींना जातं, त्यामुळे आमच्या केळी आमच्याइतक्याच नियमानं अंघोळ करतात.

आणि डबे! श्रीखंडाचे ते मोठे प्लॅस्टिकचे डबे असतात ना, पांढरे, निळ्या झाकणाचे? आमच्या फळीवर त्यांची रांग आहे. श्रीखंड आम्ही जन्मात कधी विकत आणलं नाही, हे सगळे डबे लोकांच्या लग्नाकार्यातून मागून आणलेले. एकात हळद, एकात कुळीथ, एकात सुकट, एकात खिळे. बाहेरून सगळे सारखेच. मला मात्र अंधारात हात घातला तरी कुठल्यात काय ते कळतं. म्हणजे तसं मी सगळ्यांना सांगत असे.

आता आठळ्यांचं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. बरक्या फणसाच्या, काप्या फणसाच्या, कसल्याही आठळ्या, म्हणजे गऱ्यातल्या बिया, आम्ही टाकत नाही. भाजीच्या वेगळ्या ठेवतो आणि लावायच्या वेगळ्या. लावायच्या आठळ्या सुकून जाऊ नयेत म्हणून मी त्या लाल मातीच्या चिखलात घोळवते, एकेका आठळीचा लिंबाएवढा गोळा वळते आणि सावलीत ठेवते. त्या चिखलात थोडं शेणही असतं. ते शेणाचं जरा ध्यानात ठेवा, पण कुठं बोलू नका.

आणि आमच्या विहिरीकडे एक फणस आहे, माझ्या सासूबाईंनी लावलेला. त्याच्यासारखा गोड गरा अख्ख्या वाडीत नाही. त्याच्याच आठळ्या ह्या वर्षी गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेनं ओळीत लावायच्या ठरवल्या होत्या. डबाभर गोळे वळून तयार होते.

आता आक्कांचं. आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, महाडला दिलेली. ह्यांना त्या बाळू म्हणतात. सासूबाई गेल्या तेव्हा आक्कांनी ह्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. आईचं हिरवं लुगडं ठेव, गौरीला येईन तेव्हा घेऊन जाईन, म्हणाल्या. दागिना नाही, जमीन नाही, एक जुनं लुगडं.

हे विसरले. विसरले तेही कसे बघा. त्या वर्षी माकडांनी नुसता उच्छाद मांडला होता. सासूबाई होत्या तोवर माकडं शेताकडे फिरकत नसत, कारण म्हातारी गोफण घेऊन त्यांच्या मागं पार ओढ्यापर्यंत जायची. मग ह्यांच्या डोक्यातून अशी कल्पना निघाली, की माकडं आईला घाबरतात, तर आईचंच लुगडं बुजगावण्याला नेसवू. नेसवलं. डोक्याला मडकं, हातात काठी. आणि सांगते, माकडं खरोखर यायची थांबली. हे इतके खूश, की रोज संध्याकाळी बांधावर उभे राहून बघायचे. मला विचारून केलं असतं तर मी नको म्हटलं असतं, असं मी सगळ्यांना सांगते. पण बसून विचार केला तर वाटतं, मीही लुगडं चांगलं कामी आलं असंच म्हटलं असतं.

गौरीच्या आदल्या दिवशी आक्का एसटीतून उतरून पायवाटेनं येत होत्या. तिन्हीसांजेची वेळ. समोर शेतात आई उभी. हिरवं लुगडं, हातात काठी. शेजारची बाई मागून येत होती, तिनं नंतर सांगितलं, की आक्का जागच्या जागी थांबल्या आणि त्यांनी हाक मारली, "आये."

मग वारा आला, लुगडं हललं आणि मडकं दिसलं.

आक्का घरात आल्याच नाहीत. तिथूनच मागं फिरल्या, पोलादपूरला गेल्या आणि तिथून महाडला. ह्यांनी त्याच संध्याकाळी लुगडं उतरवलं, माझ्याकडे न देता स्वतः धुतलं, घडी करून पेटीत ठेवलं. पण माफी? ती काही तोंडातून निघेना. दर वेळी एकच, "आईचंच काम करीत होतं लुगडं. माझं चुकलं काय?" एवढं बोलायचे आणि चूल फुंकायला बसायचे, चूल पेटलेली असली तरीही. आक्का त्यानंतर आल्या नाहीत, फोन केला नाही, किती गौरी आल्या नि गेल्या. दर मे महिन्यात विहिरीकडचा पहिला फणस हे आक्कांच्या नावानं बाजूला ठेवायचे आणि कुणी नेणारा नाही म्हणून पिकून फुटला की गाईला घालायचे. मला ते बघवत नसे. साठीला आलेला माणूस, एसटीचा हॉर्न वाजला की हातातलं काम थांबवून वाटेकडे बघायचा, आणि मग मीच बघतेय हे दिसलं की उगाच कोंबड्यांना ओरडायचा.

तर ह्या मे महिन्यात आक्कांच्या मुलाचं, निलेशचं, महाडला नवं घर झालं. वास्तुशांतीची पत्रिका मोबाईलवर आली. सहकुटुंब यावे. आता तुम्हाला माहीत आहे, वास्तुशांतीला माहेरचा आहेर लागतो. भाऊ नसला तर चार बायका विचारतात, माहेराकडचं कुणी आलं नाही का? आणि विचारतात त्या अशा आवाजात, की स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जावं.

मी म्हटलं, साडी घेऊ आणि जाऊ दोघं. ह्यांनी पेटी उघडली, परत बंद केली. मग म्हणाले, "लुगडं घेऊन गेलो तर तिला तेच आठवंल गो. तू जा. तू काय केलं नायस."

म्हणून मी नाचणीचे लाडू केले. आमच्या शेतातली नाचणी, आमच्या गाईचं तूप, सुंठ घातलेली. आमच्याकडचे लाडू जरा कडक असतात, ते आधीच सांगून ठेवते. तूप मी हात राखून घालते. श्रीखंडाच्या डब्यात भरले, निळं झाकण लावलं, फळीवर ठेवले. शेजारी आठळ्यांच्या गोळ्यांचा डबा. तोही पांढरा, तोही निळ्या झाकणाचा.

आलं ना ध्यानात? तुमच्या आलं. माझ्या नाही आलं.

सकाळची पहिली गाडी धरायची होती आणि वीज गेलेली. अंधारात हात घातला, डबा काढला, जुन्या ओढणीत बांधला आणि निघाले. डबा जरा जड वाटला. मला वाटलं, ह्या खेपेला लाडू भरीव झालेत.

महाडला पोहोचले तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं. मुंबईचे पाहुणे वीर स्टेशनला रेल्वेतून उतरून रिक्षानं आलेले, निलेशचे सासू-सासरे खेडहून कशेडी घाट ओलांडून आलेले. आक्का पूजेशेजारी बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत. "आलीस? बस," एवढंच म्हणाल्या, आणि नजर माझ्या मागं दारापर्यंत जाऊन परत आली. मी सांगितलं, ह्यांना शेतात काम निघालं. मे महिन्यात कसलं काम, असं त्यांनी विचारलं नाही. त्यापेक्षा विचारलं असतं तर बरं झालं असतं.

डबा मी आक्कांच्या सुनेकडे, प्रणालीकडे दिला आणि म्हटलं, घरचेच आहेत गो, माहेरचे म्हणून सगळ्यांना दे. प्रणाली शहरात शिकलेली, तिला आमच्या शेतीचं फार कौतुक. फोटो बघते, लोकांना सांगते. तिनं आत जाऊन गोळे चांदीच्या ताटात मांडले, वर एकेक तुळशीचं पान ठेवलं आणि बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे मामींच्या शेतातले ऑरगॅनिक लाडू. यात साखर अजिबात नाही."

हे मात्र अगदी खरं होतं.

मी ओसरीवर बायकांच्या घोळक्यात मागं बसले होते. ताट लांबून दिसलं. तांबूस तपकिरी गोळे, तुळशीची पानं. मनात म्हटलं, वा, काय सुंदर दिसतायत. पहिला मान व्याह्यांचा. निलेशच्या सासऱ्यांनी गोळा उचलला, दाबून बघितला, फुटेना. दाढेखाली धरला. कच्च असा आवाज आला. व्याही माणूस, वास्तुशांतीचा दिवस, सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे. बिचारे चावत राहिले. मग पाण्याचा पेला घेतला, घोट घेतला आणि म्हणाले, "गावची चव काही वेगळीच हो."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! शेजारच्या बाईला मी सांगितलंसुद्धा, की नाचणी जात्यावर दळलीय, म्हणून जरा कचकचते.

मग मुंबईच्या एक बाई म्हणाल्या, "अय्या, आत अख्खा बदाम आहे."

तिथं मी ताटाकडे नीट बघितलं. कारण जन्मात कधी मी कशातही अख्खा बदाम घातलेला नाही.

मी उठले. घोळक्यातून पुढं जाईपर्यंत ताट आक्कांच्या हातात पोहोचलं होतं. आक्कांनी गोळा उचलला, पण तोंडाला लावला नाही. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेली बाई ती. अंगठ्यानं वरची माती चोळली. माती सुटून त्यांच्या नव्या साडीवर पडली आणि आतून आठळी दिसली, पांढरट, चकचकीत.

कुणीतरी मागून हळूच पुटपुटलं, "भावानं आहेर म्हणून माती पाठवली." मला वाटलं, ही जमीन दुभंगेल तर बरं, आत तरी जाता येईल. जे काय थोडं शिल्लक होतं तेही मी माझ्या हातानं संपवलं. आता आक्का उठणार, डबा माझ्या पदरात ओतणार आणि ह्या जन्मात आमच्या वाटेला येणार नाहीत. घरी जाऊन ह्यांना काय सांगू? लाडू आवडले म्हणून सांगू?

आक्कांनी आठळी नाकाशी नेली. वास घेतला. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "कुठल्या फणसाच्या गो?"

"विहिरीकडच्या," मी म्हटलं.

"आईच्या."

"हो."

आक्का बसल्या जागी वाकल्या. आठळी मुठीत धरली आणि रडायला लागल्या, अगदी मोठ्यानं, लहान पोरीसारख्या. म्हणाल्या, आई अशाच घोळवायची मातीत. फणस लावला तेव्हा मीच त्याला कळशीनं पाणी घालायचे. प्रणाली घाबरून त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. थोड्या वेळानं आक्कांनी पदरानं डोळे पुसले आणि मला विचारलं, "बाळूनं पाठवल्या?"

आता बघा, खरं सांगायची हीच वेळ होती. तोंड उघडलं होतं मी. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि शब्द आत गेले. मी मान हलवली. कुठल्या दिशेनं हलवली ते माझं मलाच नीट कळलं नाही, पण बघणाऱ्या सगळ्यांना ती हो वाटली.

मग काय विचारता! ज्या बायका माती म्हणून कुजबुजत होत्या त्याच डोळे पुसायला लागल्या. भाऊ असावा तर असा, आईच्या झाडाचं बी आणि माहेरची माती, सोन्याच्या आहेरापेक्षा मोठं, वगैरे वगैरे. मला कुणी पाणी दिलं, कुणी पाट दिला. एका बाईंनी तर माझा हात हातात घेऊन विचारलं, हे तुम्हाला सुचलं की मिस्टरांना? मी म्हटलं, दोघांना मिळून. आता एवढं झालंच होतं, तर निम्मं श्रेय तरी आपण का सोडा?

आणि मग आक्का प्रत्येकाला एकेक आठळी वाटायला लागल्या. प्रसाद म्हणून! अहो, ते माझं बियाणं होतं. निवडून निवडून ठेवलेलं. गडग्याच्या कडेची अख्खी ओळ माझ्या डोळ्यांदेखत एकेक करून माणसांच्या पर्समध्ये जात होती. एका बाईंनी विचारलं, कुंडीत येईल ना हे, आमची बाल्कनी मोठी आहे. फणस, बाल्कनीत! मी हसत हसत सांगितलं, येईल की. व्याही तेवढ्यात जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, वरची ती माती कसली असते? मी म्हटलं, लाल. शेणाचं मी काही बोलले नाही, आणि तुम्हीही बोलू नका.

निघताना आक्का दारापर्यंत आल्या. "बाळूला सांग, रविवारी येते," म्हणाल्या आणि आत वळल्या.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून एकदा हसत होते, एकदा रडायला येत होतं. एवढं खोटं उभं राहिलं होतं, आणि त्याच्या जोरावर एक माणूस इतक्या वर्षांनी घरी यायला निघालं होतं.

घरी पोहोचले तर हे गडग्याशी उभे, फावडं हातात, घामाघूम. मोठ्या कौतुकानं म्हणाले, "आठळ्या लावून टाकल्या गो. तू येईस्तोवर काम उरकलं."

"कुठल्या आठळ्या?"

"फळीवरच्या डब्यातल्या. दुसऱ्या कुठल्या?"

मी गडग्यावर टेकले. हे सांगत राहिले, की ह्या खेपेला गोळे फार छान झालेत, आपटून बघितले तरी फुटत नाहीत. सुंठीचा वास येत होता, तेव्हाच ओळखलं की कीड लागू नये म्हणून घातलीस.

तीस वर्षं ह्या माणसाला मी माझ्या हातचे लाडू खायला घालतेय. आणि त्यानं ते मातीचे गोळे समजून पुरले, तेही मनात जराही शंका न येता! इतकं काय कमी तूप घालते मी? विचारलं तर म्हणाले, "आता तू विचारतेस म्हणून सांगतो," आणि पुढं काहीच सांगितलं नाही. आम्ही दोघांनी मिळून जमतील तेवढे उकरून काढले. मुंग्या लागल्या होत्या. झटकून गाईला घातले. गाईनंही जरा वेळ लावला.

मग मी त्यांना महाडचं सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं, पण आक्का रडल्या म्हटल्यावर ते खाली बघायला लागले. रविवारी येतायत म्हटल्यावर फावडं भिंतीला टेकवून ठेवलं आणि हात धुवायला गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत. परत आले तेव्हा मी त्यांना बजावलं, की आता तुम्ही काही बोलायचं नाही. आठळ्या पाठवल्यास का विचारलं, तर फक्त मान हलवायची. बाकी मी बघते.

"खोटं सांगून बहिणीला घरी बोलवायची?" हे म्हणाले.

मी म्हटलं, खरं धरून बसलात त्यानं त्या आल्या का? ह्यांनी परत फावडं उचललं.

रविवारी सकाळपासून ह्यांचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. अंगण दोनदा झाडलं. चुलीवर पाणी ठेवलं आणि चहा टाकायला विसरले. रिक्षा खाली वळणावर थांबली आणि आक्का पायवाटेनं वर यायला लागल्या. जिथं त्या वेळी थांबल्या होत्या तिथं परत थांबल्या. शेत मोकळं होतं. माकडांनी कडेच्या भाजीची पार वाट लावलेली. त्यांनी जरा वेळ बघितलं आणि चालायला लागल्या.

भाऊ-बहीण अंगणात समोरासमोर आले. एवढ्या वर्षांनी भेटलेली माणसं काय बोलतील? ह्यांनी विचारलं, रस्ता कसा हाय? आक्का म्हणाल्या, खराब हाय. ह्यांनी विचारलं, पाणी देऊ? आक्का म्हणाल्या, दे. झालं. मी दारात उभी राहून पदर तोंडाशी धरलेला. पाणी पिऊन आक्का थेट विहिरीकडे गेल्या, फणसाला हात लावून उभ्या राहिल्या, परत येऊन ओट्यावर बसल्या. हे आत गेले आणि पेटीतून लुगडं आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. आक्कांनी ते उलगडलं नाही, नुसता हात फिरवत राहिल्या.

"बाळू," आक्का म्हणाल्या, "आठळ्या पाठवल्यास, बरं केलंस."

मी ह्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं. मान हलवा. नुसती मान हलवा.

ह्यांनी मान हलवली. खाली, मग वर. मला हायसं वाटलं. आणि मग हे बोलले.

"आक्का, मी नाय पाठवल्या. ही चुकून घेऊन आली. लाडवांचा डबा घरी राह्यला, त्यो मी मातीत पुरला." आणि दम घेऊन म्हणाले, "लुगड्याचं माझं चुकलं. तवाच बोलायला हवं होतं. तोंड उघडत नव्हतं."

संपलं. मी डोळे मिटून घेतले. आता त्या उठतील आणि आल्या वाटेनं जातील.

आक्का म्हणाल्या, "म्हाईत हाय मला."

मी डोळे उघडले. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"काय माहीत आहे?" मी विचारलं.

"चुकून आल्या ते. हातात आठळी आली, रडू आलं, ते खरं. मग वाटायला लागले तवा तुझं तोंड बघितलं सुमन. एकेक आठळी जात होती आणि जीव तुझा जात होता. तिथंच समजले." लुगडं त्यांनी पिशवीत नीट बसवलं. "म्हटलं, विचारत बसले तर परत यायचं राहून जाईल. एवढ्या दिसांत तुम्ही कोणी हाक मारली नाय. चुकून का होईना, मारलीत."

हे दुसरीकडे तोंड करून उभे होते. खांदे हलत होते, हसत होते की रडत होते कळेना. मी चहा आणायला आत वळले, तर आक्कांनी मागून मोठ्यानं सांगितलं, "आणि गो सुमन, जाणून दिल्या असत्यास ना, तर तू त्या धुऊन दिल्या असत्यास. माती घरी ठेवली असतीस."

ह्यांचं हसणं आता सगळ्या वाडीला ऐकू गेलं. मी दारातच थांबले. चांगलं सुनवायचं म्हणून तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

धुऊनच दिल्या असत्या हो.